एप्रिलचं ऊन, ऑगस्टचं ऊन आणि जमिनीतली ओल

नागपुरात २८ एप्रिलला भर दुपारी सूर्य जितका उंच असतो, तितकाच तो १५ ऑगस्टलाही असतो. दोन्ही दिवशी तो माथ्यापासून जेमतेम सात अंश कललेला, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. ऑगस्टात आभाळ बहुतेक दिवस झाकलेलं असतं हे खरं. पण एखाद्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला पाऊस उघडीप देतो आणि चार-पाच दिवस लख्ख ऊन पडतं. तेव्हाही नागपूरचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास थांबतो. एप्रिलअखेरीस मात्र तेवढ्याच उंचीवरचा सूर्य त्याला ४१-४२ पर्यंत नेऊन ठेवतो.

सात-आठ अंशांचा हा फरक सूर्याने केलेला नाही. थोडा वाऱ्याने केलेला आहे, कारण ऑगस्टातला वारा समुद्रावरून येतो आणि एप्रिलमधला वायव्येकडच्या कोरड्या मुलखातून. पण मोठा वाटा जमिनीचा आहे. ऑगस्टात माती ओलीने भरलेली असते, वर हिरवं रान असतं. एप्रिलमध्ये माती वाळलेली आणि शेतं उघडी. उन्हाळ्याच्या बातम्यांमध्ये वाऱ्यांची दिशा येते, हवेचा दाब येतो, राजस्थानातून येणारी उष्णता येते. जमिनीत किती ओल उरली आहे हे क्वचितच येतं, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. पुढे तापणाऱ्या जगात उन्हाळा कसा असेल हे समजायचं तर या ओलीचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो.

हिशेब तसा अवघड नाही. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी आपल्याकडे एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण २५ मेगाज्यूल सौरऊर्जा पडते. त्यातली काही जमीन परतवून लावते, काही उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे निघून जाते. बाकी राहते १२-१३ मेगाज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, आणि वाटा तीनच आहेत. थोडी खाली मातीत मुरते, काही पाण्याची वाफ करण्यात जाते आणि उरलेली लगतच्या हवेला तापवते. मातीत मुरणारा भाग लहान असतो. खरी वाटणी होते ती वाफ आणि हवा यांच्यात.

पाण्याची वाफ करणं हे फार खर्चाचं काम आहे. एक लिटर पाणी उडायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे बरोबर एक मिलिमीटर पाणी, पाऊस मोजायचं तेच माप. ओलीवर उभं असलेलं हिरवंगार पीक कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज उडवतं. पाच गुणिले २.४५ म्हणजे १२.२५. जमिनीला मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा त्यात संपली. हवा तापवायला फारसं काही शिल्लकच राहिलं नाही.

आता ओल नाही असं समजा. जमिनीलगतच्या एक किलोमीटर उंच हवेचं वजन दर चौरस मीटरमागे साधारण ११०० किलो भरतं. ती सगळी हवा एका अंशाने तापवायला १.१ मेगाज्यूल पुरतात. म्हणजे जे एक मिलिमीटर पाणी उडू शकलं नाही, तेवढ्याची ऊर्जा किलोमीटरभर उंचीच्या हवेला दोन अंशांहून जास्त तापवू शकते. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ होत नाही. तापलेली हवा वर उसळते आणि तिचा थर फुगत जातो. ओल्या जमिनीवर भर दुपारी हा थर किलोमीटरभराचा असतो, तर मे महिन्यात मध्य भारतात तो तीन-चार किलोमीटरवर जातो. उष्णता तेवढ्या उंचीत वाटली जाते, वाराही तिला पुढे ढकलतो. तरी एकेक मिलिमीटरची किंमत किती मोठी आहे, याचा अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे.

आयरा बोवेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२६ साली या वाटणीचं गुणोत्तर मांडलं. हवेत जाणारी उष्णता भागिले वाफेत जाणारी उष्णता, एवढंच ते गुणोत्तर. भरपूर पाणी दिलेल्या शेतावर ते ०.२ च्या आसपास असतं, वाळवंटात १० च्याही पुढे जातं. विदर्भात ज्याच्या घरी कूलर आहे त्याला हे अनुभवाने माहीतच आहे. टाकीतलं पाणी संपलं तरी पंखा फिरत राहतो. वाळ्याच्या ताट्या त्याच, बाहेरची हवा तीच, पण खोलीत थेट झळा येऊ लागतात. जमिनीतली ओल संपल्यावर मुलखाचं असंच होतं.

मात्र ओल संपली म्हणजे नेमकं काय झालं, हे पाहायला शेतात खड्डाच घ्यायला हवा. हरभरा निघून महिना-दीड महिना झालेल्या काळ्या शेतात, एप्रिलच्या दुपारी. वरची दोन-तीन बोटं माती मोकळी, करपलेली, हातात धरवत नाही इतकी गरम. अशा उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या घरात जाऊ शकतो, हवेपेक्षा कितीतरी जास्त. त्याखाली ढेकळं लागतात, फावडं खणखणतं. फूटभर खाली गेलं की रंग बदलतो. माती काळसर, थंड लागते. दोन फुटांवर मूठ आवळली तर गोळा होतो. म्हणजे पाणी आहे. पावसाळ्यात भरलेली एक मीटर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते, आणि रब्बीने त्यातलं बरंच उचललं तरी तळाशी काही राहतंच.

ते वर का येत नाही? मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो सलग असेल तोवर खालचं पाणी वर खेचलं जातं आणि पृष्ठभागावरून उडत राहतं. वरचा थर एकदा वाळला की हा पापुद्रा तुटतो. मग खालचं पाणी फक्त वाफ होऊन, मातीच्या पोकळ्यांमधून वाट काढत वर येतं, आणि हा वेग अगदीच मंद असतो. कोरडवाहू शेतीत ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते यामुळेच. वरची माती भुसभुशीत केली की ओलीची वाट मोडते आणि खालचं पाणी पिकासाठी शिल्लक राहतं. पिकाच्या दृष्टीने हा फायदाच आहे. हवेच्या दृष्टीने मात्र फूटभर खाली असलेली ओल नसल्यासारखीच, कारण जमिनीचा वरचा थर कोरडा आहे आणि सूर्य त्यावरच पडतो आहे.

खालची ओल हवेपर्यंत पोचवण्याचा एक मार्ग उरतो, तो मुळांचा. पिंपळ, कडुलिंब, करंज ही झाडं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी काढतात, पावसाचा थेंब नसताना. त्यांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात आणि पानांवाटे ते उडवतात. कडुलिंबाखालचा गारवा निव्वळ सावलीचा नसतो, त्यात या पाण्याचाही भाग असतो. याउलट साग पानं गाळून मोकळा होतो आणि पाऊस येईपर्यंत पाणी खर्चतच नाही. त्यामुळे सागाचं रान मे महिन्यात बरंच तापतं.

काळ्या मातीचे आणखी दोन गुण इथे नोंदायला हवेत. ती वाळताना आकसते आणि भेगाळते. भेगा बोटभर ते चार बोटं रुंद होतात, काही ठिकाणी मीटरभर खोल जातात. त्या भेगांच्या भिंतींवरून खालचा थरही वाळू लागतो, म्हणजे कोळपणीने जे वाचवलं ते भेगांतून निसटतं. दुसरा गुण असा की या चिकणमातीचे कण पाणी फार घट्ट धरून ठेवतात. मातीत वीस टक्क्यांच्या आसपास पाणी असूनही पीक सुकू लागतं, कारण ते पाणी मुळांना ओढता येत नाही. मुरमाड जमिनीचं गणित आणखी कठीण. फूट-दीड फूट खोलीच्या हलक्या जमिनीत मावतं ४०-५० मिलिमीटर. दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर ही पुंजी आठ-दहा दिवसांची.

यावरून एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे ओलीचा परिणाम वर्षभर सारखा नसतो. जुलैमध्ये माती तुडुंब असते. तेव्हा दहा मिलिमीटर जास्त किंवा कमी, तापमानाला फारसा फरक पडत नाही, कारण बाष्पीभवन किती व्हायचं ते ऊन ठरवतं. मेअखेरीस माती इतकी कोरडी असते की आणखी कोरडी व्हायला जागाच नसते. खरा फरक पडतो तो मधल्या काळात, माती ओलीकडून कोरडीकडे जात असताना. सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही विभागणी मांडली: काही प्रदेशांत बाष्पीभवनाला ऊर्जा कमी पडते, काहींत पाणी. आपला महाराष्ट्र एकाच वर्षात दोन्हीकडे राहून येतो. वरचा थर होळीआधी वाळला की गुढीपाडव्यानंतर, यावर मार्च-एप्रिल किती तापणार याचा बराच भाग ठरतो.

२०२२ चा मार्च आठवून पाहा. देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत उष्ण मार्च, सरासरी ३३.१० अंशांचा. त्या महिन्यात देशभरात पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी होता. निरभ्र आकाशाने ऊन वाढवलं, आणि त्या उन्हाला झेलायला वरच्या मातीत पाणी नव्हतं. उत्तरेत गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता, तो होरपळला. पुढे १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. याच्या अगदी उलट २०२५ चा मे. वळीव आणि पूर्वमोसमी पाऊस राज्यभर कोसळत राहिला, मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आणि ऐन मे महिन्यात महाराष्ट्राचा पारा सरासरीच्या खाली राहिला. ढगांचा वाटा मोठा, पण भिजलेल्या मातीचाही होता. एखाद-दुसऱ्या वळवाने मात्र काम भागत नाही. दहा मिलिमीटरची सर दोन-तीन दिवसांत उडून जाते आणि पारा पुन्हा जिथल्या तिथे येतो.

ओलीचा हा प्रभाव किती मोठा असू शकतो, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो युरोपातल्या २००३ च्या उन्हाळ्याचा. त्या वर्षी फेब्रुवारीपासून पाऊस कमी पडला. वसंत स्वच्छ, उबदार गेला. झाडझाडोरा लवकर हिरवा झाला आणि त्याने मातीतलं पाणीही लवकर उपसलं. जूनपर्यंत जमीन सुकली होती. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उच्च दाबाचं क्षेत्र फ्रान्सवर ठाण मांडून बसलं तेव्हा त्या उष्णतेला अडवायला जमिनीकडे काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७०,००० माणसं जास्तीची दगावली. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी पुढे संगणकावर तोच उन्हाळा पुन्हा चालवून पाहिला. हवेची रचना तीच ठेवली, मातीतली ओल मात्र बदलली. उन्हाळा तरीही गरमच आला, पण इतका भीषण झाला नाही.

२०१० मध्ये रशियात तसंच घडलं. २९ जुलैला मॉस्कोत ३८.२ अंशांची नोंद झाली. या दोन लाटांच्या अभ्यासातून २०१४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. कोरड्या जमिनीवर दिवसा तापलेल्या हवेचा जाड थर रात्री पूर्ण निवत नाही. जमिनीलगतची हवा थंड होते, पण वरचा गरम थर तसाच तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढलं की खालची हवा वर उसळून त्यात मिसळते आणि कालची उष्णता आजच्या खात्यात जमा होते. असं दिवसामागून दिवस चालू राहिलं की लाट स्वतःलाच वाढवते. म्हणून उष्णतेच्या लाटेचा सहावा दिवस पहिल्यापेक्षा जीवघेणा असतो, वारे बदलले नसले तरी.

आता यात हवामानबदल कुठे बसतो? तापलेली हवा जास्त बाष्प धरू शकते, दर अंशामागे सहा-सात टक्के. ऐकायला चांगलं वाटतं, पण याचा अर्थ हवेची तहान वाढते. मातीतून आणि पानांतून ती जास्त जोराने पाणी ओढते. म्हणजे तेवढाच पाऊस पडूनही ओल काही दिवस आधी संपते. समुद्राला ही अडचण नाही, त्याचं पाणी संपत नाही. जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते आहे, त्याचं एक कारण इथे सापडतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार २०११-२० या दशकात जमिनीवरची हवा १८५०-१९०० च्या तुलनेत १.५९ अंशांनी तापली होती, समुद्रावरची ०.८८ अंशांनी. त्याच अहवालात असंही आहे की काही मध्य-अक्षांशी आणि निमकोरड्या प्रदेशांत वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांचं तापमान जागतिक सरासरीच्या दीड ते दोन पट वेगाने वाढेल. सरासरीपेक्षा टोकं वेगाने वाढण्यामागे ही सुकणारी माती आहे. वनस्पतीही यात भर घालतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानांवरची छिद्रं थोडी आकसतात. त्यात पाणी वाचतं, आणि तेवढंच बाष्पीभवनही कमी होतं.

मग भरपूर पाणी देऊन मुलूख थंड ठेवता येईल का? पंजाब, हरियाणा आणि गंगेच्या मैदानात नकळत हे घडलंच आहे. तिथल्या प्रचंड सिंचनाने दिवसाचं तापमान खाली राहिलं आहे. पण वाफेत गेलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती बाष्पाबरोबर हवेतच राहते आणि माणसाला घामाच्या वाटेने भेटते. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०२० च्या एका अभ्यासाने हेच दाखवलं: सिंचनामुळे भारतात तापमापकावरचा आकडा घटतो, पण दमट उष्णतेचा ताण वाढतो. शेतात राबणाऱ्या बाईला ३८ अंशांची दमट दुपार ४२ अंशांच्या कोरड्या दुपारीपेक्षा जड जाऊ शकते. उष्णतेचा इशारा निव्वळ तापमानावर देणं पुरेसं नाही ते यासाठी. शिवाय हे पाणी विहिरी आणि बोअरमधून येतं, आणि भूजल खाली जात आहे. मला वाटतं, गारव्यासाठी पाणी उपसण्यापेक्षा पडलेला पाऊस आहे तिथे मुरवणं आणि जमीन पिकाच्या अवशेषांनी, झाडांनी झाकलेली ठेवणं हेच आपल्या हाती आहे. एका शेताने गावाचं तापमान बदलत नाही, तेवढा गारवा वारा क्षणात उडवून नेतो. पाणलोटच्या पाणलोट हिरवे असतील तर फरक पडतो.

ही ओल मोजायची कशी? २०१५ पासून ‘स्मॅप’ हा अमेरिकी उपग्रह सूक्ष्मलहरींनी मातीतला ओलावा टिपतो आहे, आणि भारत-अमेरिकेचा ‘निसार’ जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेला. या लहरींना दिसतो तो मुख्यतः वरचा पाच सेंटिमीटरचा थर. त्याखाली काय आहे ते गणिताने काढावं लागतं.

पण हाच पाच सेंटिमीटरचा थर जूनमध्ये शेतकऱ्याच्या जिवाचा विषय असतो, कारण बियाणं तिथेच पडतं. मृगाची पहिली मोठी सर भेगांत नाहीशी होते. वरची माती भिजते, दोन-तीन दिवसांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो, आणि पेरणीची घाई होते. मग पावसाने आठवडाभर ओढ दिली तर दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडत वरचा थर पुन्हा कोरडा होतो. पारा चाळिशीकडे चढू लागतो, आणि मातीत उगवलेला कोंब त्याच दिवसांत मान टाकतो. दुबार पेरणी आणि जूनमधली परतलेली उष्णता या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढ्या पाण्यात भेगा बुजतात, वरचा आणि खालचा ओलावा एकमेकांना भिडतो, आणि नंतरचे उघडिपीचे आठ-दहा दिवस माती स्वतःच्या बळावर काढू शकते.